एस कॉम्बॅट ०४ : चौदाव्या मिशनमधली क्रूझ मिसाईलं हातीच लागत नाहीत

तर्रीपोहा

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ जर्मनीला जाताना त्याचं जुनं पीएस२ (प्लेस्टेशन २) आणि डिस्कांचा डबा माझ्याकडे ठेवून गेला. त्यात 'एस कॉम्बॅट ०४' हा लढाऊ विमानांचा गेम सापडला. मी याआधी फक्त सातवा भाग खेळले होते, तोही मैत्रिणीच्या पीसीवर. हा २००१ चा गेम आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा, पण कथा अशी धरून ठेवते की सोडवत नाही. त्यातल्या स्टोनहेंज नावाच्या महाकाय तोफा फोडल्या तेव्हा तर अंगावर काटा आला.

आता चौदाव्या मिशनला अडकले आहे, 'ब्रेकिंग ॲरोज'. इरूसिया हा गेममधला शत्रूदेश क्रूझ मिसाईलं सोडतो आणि ती ठिकाणावर पोचायच्या आत पाडायची असतात. मी काय करते ते सांगते. जे जवळचं दिसतं त्याच्याकडे नाक वळवते, त्याच्या मागे लागते, आर१ बटण दाबून पूर्ण वेग घेते. चौकट लाल होते, मिसाईल सोडते, कधी लागतं, कधी बाजूने निघून जातं. तोवर दुसरं कुठून तरी निसटलेलं असतं. वळून त्याच्या मागे जाते तर ते इतकं पुढे गेलेलं असतं की गाठ पडतच नाही. काल रात्री अकरा वेळा हरले. आई दोनदा उठून बघून गेली.

दुसरा प्रश्न असा की, खऱ्या आयुष्यात लढाऊ विमानाने क्रूझ मिसाईल असं पाडता येतं का? की हे फक्त गेमपुरतं? मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक सांगितलं तरी चालेल. खरं म्हणजे तेच हवं आहे.


काळा_हिरा

गेमपुरतं सांगतो. लांब पल्ल्याचं, हवेतून हवेत मारणारं खास अस्त्र ज्या विमानावर आहे ते विमान घे. बॉम्बवालं विमान घेऊन गेलीस तर या मिशनमध्ये नुसतं ओझं वाहशील. दुसरं म्हणजे त्रिकोण दाबून धर, कॅमेरा निवडलेल्या लक्ष्याकडे वळतो. नाक दुसरीकडे असलं तरी ते कुठल्या दिशेने चाललंय ते कळतं. बाकी सराव.


समोच्च

तर्रीपोहा, तुझ्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. "त्याच्या मागे लागते" असं तू लिहिलंयस. तिथेच चुकतंय.

मी भूमापनाच्या कामात आहे, वय त्रेचाळीस. हा गेम मी २००४ मध्ये ओझरला मित्राच्या घरी खेळलो, आणि मीही याच मिशनला आठवडाभर अडकलो होतो. शेवटी वहीत आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. तीच आकृती शब्दांत सांगतो.

गेममधले नेमके आकडे बाजूला ठेव, खरे घे. अमेरिकेच्या टोमाहॉकसारखं क्रूझ मिसाईल ताशी साधारण ८८० किलोमीटर वेगाने जातं, म्हणजे प्रवासी विमानाच्या जवळपास. समजा तुझं विमान १२०० ने चाललंय आणि मिसाईल तुझ्या पुढे ५ किलोमीटर आहे. दोघांच्या वेगातला फरक ३२०. हे ५ किलोमीटरचं अंतर तोडायला तुला ५६ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मिसाईल आणखी पावणेचौदा किलोमीटर पुढे गेलेलं असेल. आता तेच मिसाईल समोरून तुझ्याकडे येतंय असं धर. वेगांची बेरीज होते २०८०. तेच ५ किलोमीटर नऊ सेकंदांच्या आत संपतात. विमान तेच, मिसाईल तेच, अंतर तेच. फक्त तू कुठे उभी आहेस ते बदललं.

म्हणून मिशन सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं कुणाच्याही मागे जाऊ नकोस. नकाशा मोठा कर आणि बघ, ती येतायत कुठून आणि त्यांना जायचंय कुठे. मिसाईल वळसे घेऊन तुला चकवत नाही, ते आपल्या ठरलेल्या वाटेने जातं. त्या वाटेवर पुढे जाऊन उभी राहा. पाठलाग करू नकोस, वाट अडव.

मात्र समोरून मारताना एक अडचण येते. वेळ इतका थोडा मिळतो की एक नेम हुकला तर दुसरी संधी नाही. त्यामुळे मी थेट नाकावर न जाता तिरपा जायचो, त्याच्या वाटेला साधारण काटकोनात, थोडा वरून. पहिलं मिसाईल हुकलं तर तसंच खाली झेपावत वळायचं. उतारावर वेग आपोआप वाढतो आणि तू त्याच्या शेपटीमागे अगदी जवळ येतेस, पाच किलोमीटरवर नाही. मग तोफ वापरता येते.

आता खऱ्याचं. हो, पाडता येतं, पाडलीही आहेत. पण खरी अडचण पाडण्यात नाही, सापडण्यात आहे. गेममध्ये प्रत्येक मिसाईलभोवती चौकट असते आणि शेजारी टीजीटी (टार्गेट, म्हणजे लक्ष्य) लिहिलेलं असतं. खऱ्या वैमानिकाला ती चौकट कुणी काढून देत नाही. साडेपाच मीटर लांबीची, अर्ध्या मीटर जाडीची एक नळी, आखूड पंख, झाडाडोंगरांच्या जरा वरून चाललेली. वरून रडार मारलं तर तिच्यावरून परत येणारा प्रतिध्वनी जमिनीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीत बुडून जातो. हे निवडून काढणारं रडार विमानात बसवायला बरीच वर्षं लागली. सोव्हिएतांनी मिग-३१ बनवलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९८१ मध्ये ते सेवेत आलं, त्याचं झास्लोन रडार एका वेळी दहा लक्ष्यांवर नजर ठेवून चारांवर मारा करू शकायचं. तू सातवा भाग खेळलीस ना, त्यात मिग-३१ आहे. पुढच्या वेळी ते घेशील तेव्हा त्याचं नाक बघ. इतकं जाडजूड नाक त्या रडारसाठी आहे.

आणि ते मिसाईल वाट कशी शोधतं, हे माझ्या आवडीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही समोच्च नकाशे काढतो. सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेष म्हणजे समोच्च रेषा. (माझं इथलं नाव तिथूनच आलं.) टोमाहॉकच्या पोटात वाटेवरच्या ठरावीक पट्ट्यांचे उंचीचे नकाशे भरलेले असतात. उडताना ते खाली रडारची लहर सोडून जमीन किती खोल आहे ते मोजत जातं, आणि मोजलेल्या आकड्यांची माळ त्या नकाशावर ठेवून बघतं. जिथे माळ जुळली तिथे आपण आहोत. अंधारात हात फिरवून घरातल्या भिंती ओळखतो ना, तसं.

हे कळलं की त्याचं दुखणंही कळतं. चढ-उतार असलेला मुलूख लागतो. समुद्रावर ही पद्धत चालत नाही, तिथे जायरोस्कोप (दिशा धरून ठेवणारी फिरती चकती) आणि वेगमापकांच्या हिशोबावर जावं लागतं. १९९१ च्या आखाती युद्धात टोमाहॉक पहिल्यांदा लढाईत वापरलं, २८८ सोडली, तेव्हा जीपीएस त्यात नव्हतं आणि इराकच्या सपाट वाळवंटात ओळखीच्या खुणाच नव्हत्या. सपाट जमिनीचा नकाशा काढताना आम्हालाही तोच कंटाळा येतो, पानभर कोरं आणि कोपऱ्यात एक रेष.

जा, पुन्हा खेळ, आणि काय झालं ते इथे लिही.


वाशीची_खाडी

समोच्च, मस्त लिहिलंय. पण एक हरकत. पाचव्या भागात सिनफॅक्सी पाणबुडी मिसाईल सोडते, तेव्हा ते पाडायचा प्रश्नच येत नाही. रेडिओवरून सूचना देणारा थंडरहेड ओरडतो, पाच हजार फुटांच्या वर चढा, आणि आकडे मोजायला लागतो. खाली राहिलेला माणूस गेला. ते क्रूझ मिसाईलच आहे ना? मग तिथे वाट अडवायला का जमत नाही? एकाच गेममालिकेत दोन नियम कसे?


केंटची_सून

वाशीची_खाडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी रोजच्या वाटेवर बघते, म्हणून लिहायला बसले. गेम मी खेळत नाही, मुलगा खेळतो. त्यानेच हा धागा दाखवला.

लग्नानंतर सोलापूरहून इंग्लंडला केंटमध्ये आले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये गेलात तर मधल्या उंच दालनात दोन जर्मन अस्त्रं एकमेकांच्या जवळ दिसतील. एक वर छताकडून टांगलेलं आहे, आखूड पंखांचं, पाठीवर नळकांडं असलेलं. ते व्ही-१. दुसरं खाली जमिनीवर उभं, टोकदार, मजल्यांमागून मजले उंच. ते व्ही-२. मुलाला तिथे घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, आई, हे सहाव्या भागातलं निम्बस मिसाईल आहे आणि हे सिनफॅक्सीचं. मला तेव्हा काहीच कळलं नाही. आता समोच्च यांचं वाचून कळलं.

व्ही-१ हे पंखांवर उडणारं, सगळी वाट हवेतून इंजिनाच्या जोरावर जाणारं. म्हणजे आजच्या क्रूझ मिसाईलचं पूर्वज. व्ही-२ हे रॉकेट. वर फेकलं जातं, आकाशाच्या पलीकडे जातं आणि दगडासारखं खाली येतं, आवाजाच्या कितीतरी पट वेगाने. लंडनवर पहिलं व्ही-१ आलं १३ जून १९४४ ला, पहिलं व्ही-२ आलं ८ सप्टेंबरला. पहिल्याच्या वाटेत विमानं, तोफा, फुगे सगळं उभं करता आलं. दुसऱ्याच्या वाटेत काहीच उभं करता आलं नाही.

व्ही-१ लंडनला जायची ती आमच्या केंटवरूनच. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, सत्त्याऐंशीच्या. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडून ऐकलंय की आवाज येत असेपर्यंत भीती नसायची. फटफट, फटफट असा मोटारसायकलसारखा आवाज डोक्यावरून जायचा. आवाज थांबला की सगळे टेबलाखाली. कारण इंजिन बंद पडलं म्हणजे ते आता खाली येणार. त्या सांगताना अजूनही बोट वर करतात आणि मध्येच बोलायच्या थांबतात. त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेताना ती शांतता मला दोनदा ऐकवली त्यांनी.

त्याचं गणित साधं होतं. नाकाशी एक छोटा पंखा. हवेने तो फिरायचा, फेरे मोजले जायचे, ठरलेला आकडा आला की शेपटीचे पंख वळून ते खाली सूर मारायचं. त्यात ८५० किलो स्फोटकं असायची.

आणि तर्रीपोहा, तुमच्यासाठी खास. व्ही-१ ताशी ६४० किलोमीटरच्या आसपास उडायचं आणि तेव्हाच्या बहुतेक विमानांना सरळ पाठलाग करून ते गाठणं कठीण होतं. टेम्पेस्टसारखी थोडीच विमानं तेवढी वेगवान होती. त्यामुळे वैमानिक वर उंचीवर घिरट्या घालत थांबायचे आणि ते दिसलं की झेपावून वेग मिळवायचे. समोच्च यांनी सांगितलं तेच. फार जवळून गोळ्या झाडल्या तर ८५० किलोचा स्फोट स्वतःलाच लागायचा. म्हणून काहींनी वेगळीच युक्ती केली. शेजारून उडत जायचं, आपल्या पंखाचं टोक त्याच्या पंखाखाली न्यायचं, हवेच्या दाबानेच त्याचा पंख उचलला जायचा, आतले जायरोस्कोप गडबडायचे आणि ते उलटून शेतात पडायचं. ४ ऑगस्ट १९४४ ला ग्लॉस्टर मीटिअर या जेट विमानाने पहिलं व्ही-१ पाडलं ते असंच, कारण त्याच्या तोफा ऐन वेळी अडकल्या होत्या.


वाशीची_खाडी

केंटची_सून ताई, मान्य. म्हणजे सिनफॅक्सीचं बॅलिस्टिक, व्ही-२ सारखं वर फेकलं जाणारं, आहे आणि मी इतकी वर्षं त्याला क्रूझ म्हणत होतो. आता सहाव्या भागातल्या निम्बसचं काय? तेही हवेत फुटून सगळी टोळी खलास करतं.


समोच्च

केंटची_सून, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

वाशीची_खाडी, निम्बस हे क्रूझच. एस्टोव्हाकिया या शत्रूदेशाचं आयगायॉन हे आकाशात तरंगणारं महाकाय जहाज ते सोडतं. सोबत गायजिस आणि कोटोस. (ग्रीक पुराणातल्या शंभर हातांच्या तीन भावांची ही नावं आहेत, आणि शंभर हातांनी मारणाऱ्या ताफ्याला ती शोभतात.) हवेत फुटणं हा स्फोटाचा प्रकार झाला, येण्याचा नाही. क्रूझ की बॅलिस्टिक हे ते कसं येतं यावरून ठरतं, कसं फुटतं यावरून नाही.

मला निम्बसबद्दल जे सगळ्यात खरं वाटतं ते वेगळंच आहे. आपल्या एमेरिया देशाच्या राजधानीवर, ग्रेसमेरियावर, पहिला हल्ला होतो, तेव्हा खेळणाऱ्याला दिसतं काय? आधी काहीच नाही. रेडिओवर घोस्ट आयचा आवाज येतो, आणि मग आकाश उजळतं. सोडणारा कुठेच दिसत नाही. तो कुठे आहे हे शोधून काढायला एमेरियाच्या बाजूला पुढची कितीतरी मिशनं जातात. आयगायॉन बुडवण्याचं मिशन इतकं समाधान देतं ते त्यामुळे. इतका वेळ नुसते बाण दिसत होते, आता बाण सोडणारा हात सापडला.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून लांबचं वाचन घेतलं की पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती करावी लागते. एक किलोमीटरला ती जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर असते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण ती अंतराच्या वर्गाने वाढते. २० किलोमीटरला ३१ मीटर. म्हणजे २० किलोमीटरवरचा दहा मजली इमारतीएवढा भाग जमिनीआड गेला.

आता जहाजाच्या डोलकाठीवर २० मीटर उंचीला रडार आहे आणि मिसाईल पाण्यापासून १० मीटरवरून येतंय असं धरा. ते पहिल्यांदा दिसू शकतं ३१ किलोमीटरवर, त्याआधी नाही. रडार कितीही ताकदीचं असो, पाण्याच्या फुगवट्याच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. टोमाहॉकच्या वेगाने ते अंतर कापायला दोन मिनिटांच्या वर लागतात. ब्रह्मोस पूर्ण वेगाने, मॅक २.८ ने (आवाजाच्या २.८ पट) आलं तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात काय ते ओळखायचं, ठरवायचं आणि मारायचं.

तेच रडार उचलून ९००० मीटरवर उडणाऱ्या विमानात ठेवा. तेच मिसाईल आता ४०० किलोमीटरवर दिसू शकतं. म्हणून अवॅक्स, म्हणजे मोठं रडार घेऊन उंच उडणारं टेहळणी विमान. चौथ्या भागात स्काय आय, पाचव्यात थंडरहेड, सहाव्यात घोस्ट आय, सातव्यात लाँग कास्टर. खेळताना आपण त्या आवाजाला कथा सांगणारा माणूस समजतो. तर्रीपोहा, तो आवाज कथा सांगत नाही. आपल्याला क्षितिजाच्या आत जे दिसत नाही ते तो सांगतो. चौदाव्या मिशनमध्ये तरी त्याचा शब्द न् शब्द ऐक.

ब्रह्मोसचा विषय निघालाच आहे तर थोडं घरचं. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, आधी मिग-२१ वर, मग मिग-२७ वर. ते जेवायला बसायचे आणि वरून विमान गेलं की घास हातात धरून आवाज ऐकायचे, आणि ते कुठलं आहे ते न बघता सांगायचे. २००१ मध्ये ब्रह्मोसची पहिली चाचणी झाली, ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून नाव. ते सुखोई-३० वर बसवायचं ठरलं तेव्हा विमानातले फेरफार ओझरलाच झाले. अडीच टनांचं अस्त्र विमानाच्या पोटाखाली लटकवायचं म्हणजे तिथला सांगाडा बळकट करावा लागतो. २५ जून २०१६ ला ते घेऊन सुखोई पहिल्यांदा ओझरहून उडालं. वडील तेव्हा निवृत्त होते. त्यांनी पेपरातलं कात्रण कापून कपाटात पेन्शनच्या पासबुकात ठेवलं. पुढच्या वर्षी २२ नोव्हेंबरला बंगालच्या उपसागरावर सुखोईवरून ते पहिल्यांदा सोडलं गेलं, ते कात्रणही त्याच पासबुकात. ते गेल्यावर पासबुक बंद करायला बँकेत गेलो तेव्हा दोन्ही कात्रणं बाहेर पडली. काउंटरवरच्या बाईंनी ती घडी न मोडता मला परत दिली.

तर्रीपोहा, तू विचारलं होतंस की हे खऱ्या आयुष्यात होतं का. केंटची_सून यांनी १९४४ चं सांगितलं. अलीकडचं सांगतो. १२ ऑक्टोबर २०२२ ला युक्रेनमध्ये विनित्सियाजवळ मिग-२९ च्या वैमानिकाने रात्री एक शाहेद ड्रोन पाडलं. त्याच्या स्फोटाचे तुकडे विमानाला लागले आणि वैमानिकाला उडी मारावी लागली. वाचला. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी तोच धडा, फार जवळ जाऊ नका. गेममध्ये हा धोका नाही, तिथे मिसाईलच्या धुरातून आरपार जाता येतं. तेवढं खोटं मला चालतं. चौकट काढून देणं मात्र खटकतं, कारण या सगळ्या प्रकरणातली खरी मेहनत तिथेच आहे आणि गेम ती आपल्याला करूच देत नाही. एखादं मिशन असं असावं की ज्यात चौकटी नाहीत, फक्त स्काय आयचा आवाज आहे, दिशा आणि अंतर आहे, आणि डोळे फाडून ठिपका शोधायचा आहे. मी ते महिनाभर खेळेन.


काळा_हिरा

समोच्च, सेटिंगमध्ये काही भागांत डिस्प्लेची चिन्हं बंद करता येतात. सातव्यात तसा पर्याय आहे का ते बघ, मग जवळपास तू म्हणतोस तसं होईल. ढगात शिरलं की काही दिसत नाही.


तर्रीपोहा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माझी टर्मची परीक्षा होती. काल संपली.

समोच्च दादा, तुमचं ऐकलं. पहिल्यांदा फार पुढे गेले आणि वाटच चुकीची धरली, दोन बाजूने निघून गेली. मग वहीत काढलं. नकाशाच्या कडेवर मिसाईलं पहिल्यांदा जिथे दिसतात तिथे खुणा केल्या, जायचं ठिकाण गोल केलं आणि पट्टीने रेषा ओढल्या. पाच मिनिटांचं काम, पण आधी सुचलंच नव्हतं. मी पाठलाग करताना सगळीकडे फिरून राहिले होते, आणि ती तर सरळच जात होती.

मग रेषा जिथे जवळ येतात तिथे वर जाऊन घिरट्या घालत राहिले. थांबणं सगळ्यात अवघड गेलं. दूरवर मिसाईल दिसतंय, हात आर१ वर शिवशिवतोय, आणि आपण जायचं नाही. त्रिकोण दाबून धरला (काळा_हिरा, थँक्यू) आणि कॅमेऱ्यात ते येताना बघत राहिले. पहिली तिरपी मारली, लागली. एक हुकलं, तेव्हा केंटच्या ताईंनी सांगितल्यासारखं वरून झेपावले. एकदम इतक्या जवळ आले की लॉकची वाट न बघता तोफच चालवली. ते फुटलं तेव्हा मी धुरातून आरपार गेले आणि मला पहिल्यांदाच वाटलं की खऱ्यात इथे मी वाचले नसते.

तिसऱ्या प्रयत्नात मिशन झालं. आई उठून आली होती, या वेळी ओरडली नाही, पलंगाच्या कडेवर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. तिने विचारलं की हे कोण बोलतंय सारखं. मी सांगितलं, तो वर दुसऱ्या विमानात बसलाय, त्याला लांबचं दिसतं. ती म्हणाली, मग त्याचं ऐकत जा.

पृथ्वीच्या गोलाईचं सूत्र मी आमच्या सर्वेच्या सरांना विचारलं. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती धरून आकडा थोडा कमी होतो असं सांगितलं. रडारच्या लहरींचंही तसंच होतं का, समोच्च दादा?


समोच्च

होतं. रडारची लहर प्रकाशापेक्षाही जरा जास्त वाकते, म्हणून तिचं क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडं लांब असतं. मी दिलेला ३१ किलोमीटरचा आकडा ते वाकणं धरूनच आहे. नुसतं भूमितीने काढलंस तर २७ च्या आसपास येईल. करून बघ, त्रिज्या ६३७१ किलोमीटर धर.

आणि पंधराव्या मिशनचं नाव 'इमॅन्सिपेशन'. सुरू करायच्या आधी वही शेजारी ठेव.